रंग राहू दे

इंटरमिजिएटच्या परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या धाकट्या बहिणीनं पोस्टर कलरच्या बाटल्या धुऊन ठेवल्या. दादाला मदत म्हणून. बाटल्या चकचकीत झाल्या आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या पाण्यात सुटून मोरीत वाहून गेल्या. बाराच्या बारा बाटल्या ओळीत मांडून ती कौतुकाची वाट बघत उभी राहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. का आला ते तिला कळलं नाही. खरं म्हणजे मलाही नीट कळलं नव्हतं. मी चिठ्ठ्या वाचून रंग लावतो, हे तोवर माझ्या ध्यानातच आलेलं नव्हतं. सगळेच तसं करत असणार, नाहीतर बाटलीवर नाव छापलं कशाला असतं?

हे १९७७ सालचं, सांगलीतलं. परीक्षा झाली. आमच्या ड्रॉइंगच्या सरांची एक रीत होती. परीक्षेनंतरच्या रविवारी ते पोरांना बोलावून तेच पेपर पुन्हा काढायला लावायचे. मुंबईला गेलेल्या कागदांचं काय होणार याचा अंदाज त्यांना आधीच हवा असायचा. स्मरणचित्रात मी आंब्याखाली झोका खेळणारी मुलं काढली होती. सर माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झाडाला काय झालंय रे?"

मला वाटलं फांदी चुकली. फांदी ठीक होती. माझं झाड बुंध्यात हिरवं होतं आणि पानांत तपकिरी.

पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्या बाटल्या उचलून खिडकीत नेल्या. "यातली हिरवी दे." मी दिली. "आता तपकिरी दे." मी दिली. "आता पुन्हा हिरवी." तीन-चारदा असं झाल्यावर त्यांनी सगळ्या बाटल्यांना झाकणं लावली, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "तुझी रेघ चांगली आहे. रंग राहू दे."

त्यांनी हे वाक्य निकाल सांगितल्यासारखं उच्चारलं होतं की औषध सांगितल्यासारखं, याचा विचार मी पुढं कितीतरी वर्षं करत राहिलो.

घरी आल्यावर आईला सांगितलं तर तिनं पोळपाटावरची मान वर केली नाही. "आण्णांचं आलं म्हणायचं," म्हणाली. आण्णा म्हणजे तिचे वडील. आटपाडीकडचे, माणदेशातले. त्यांना बोरं पिकली की नाही बघून कळायची नाहीत. चाचपून, हुंगून घ्यायचे. मिरच्या वाळत घातल्या की ओल्या आणि वाळलेल्या एकत्र गोळा करायचे म्हणून आजी त्यांना वाळवणाला हात लावू द्यायची नाही. घरात याला नावच नव्हतं. 'आण्णांचं तसंच' एवढ्यावर भागत होतं. लालहिरव्याचा घोळ आजोबांकडून आईकडे येतो, आईला स्वतःला काही होत नाही आणि तिच्या मुलात तो उगवतो, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. आईला ते पोळ्या लाटता लाटता ठाऊक होतं.

एक रंग मात्र माझ्या मालकीचा होता. पिवळा.

माझे वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा कानाच्या पाळ्या, मनगटावरचे केस, चष्म्याची काडी, सगळं पिवळं असायचं. सुट्टीत ते मला हरिपूरला न्यायचे. हरिपूर सांगलीपासून चालत जाण्याइतकं जवळ. तिथं कृष्णा-वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे आणि जमिनीखाली हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी कोठी. वरून माती लिंपून बंद केली की आतली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच आत कुणी उतरत नसे. आतली हवा कोंडलेली, माणूस उतरला तर गुदमरून जायचा. तोंड उघडं ठेवून वाट बघायची आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं.

मी काठावर पालथा पडून बघायचो. कंदील खाली खाली जायचा आणि त्याच्याभोवती अंधारातून एक पिवळं वर्तुळ उगवायचं. हळकुंडं. हजारो. उजेडाच्या कडेला आधी मातकट, मग गडद, मग ज्योतीशेजारी अगदी धगधगीत. पिवळ्यातला हा फरक मला वडिलांपेक्षा आधी दिसायचा. कुठल्या पोत्यातलं हळकुंड मोडलं तर आत नारिंगीकडे झुकेल आणि कुठलं फिकट निघेल, यावर हमाल माझ्याशी पैजा लावायचे. झाडाचा घोळ करणारं पोरगं हळदीत मात्र सहसा हरायचं नाही. २००५च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि ती पद्धत जवळपास मोडूनच गेली. पण डोळे मिटून 'रंग' म्हटलं की मला अजून तो दोरीवरचा कंदील दिसतो.

वडिलांनीच पहिल्यांदा लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव काढलं. आम्ही साताऱ्याला आत्याकडे निघालो होतो. सांगली, नांद्रे, भिलवडी आणि मग किर्लोस्करवाडी. स्टेशन येताना वडिलांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "हा कारखाना काढणारा माणूस चित्रकार व्हायला निघाला होता. त्यालाही तुझ्यासारखंच होतं."

मी तोंड फिरवून बसलो. पंधरा वर्षांच्या मुलाला आपलं दुखणं थोरामोठ्यांनाही होतं हे ऐकून बरं वाटत नाही. पण पुढं जे मिळेल ते वाचत गेलो. १८६९चा जन्म, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांत जीव रमेना, हातात पेन्सिल आली की मात्र भान जायचं. १८८५ साली सोळा वर्षांचा हा मुलगा मुंबईला जाऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. दोनेक वर्षं शिकला आणि मग उमगलं की काही रंग त्याला वेगळे ओळखूच येत नाहीत. ठिपक्याठिपक्यांत आकडा लपवून डोळे तपासायचं इशिहाराचं जपानी पुस्तक निघालं १९१७ साली, म्हणजे या मुलाचं काय बिनसलंय ते चटकन सांगणारं ते पुस्तक तेव्हा नव्हतं. त्याला ते कसं कळलं असेल? रंगवलेल्या एखाद्या डोक्याच्या अभ्यासापुढं कुणी मास्तर असाच पाठीमागं येऊन गप्प उभा राहिला असेल का? चरित्रकार ही गोष्ट एका ओळीत उरकतात, कारण त्यांना नांगरापर्यंत पोहोचायची घाई असते. मला ती घाई नाही. मी त्या एका ओळीपाशी बरीच वर्षं मुक्काम ठोकला आहे.

त्यानं रंग सोडले आणि रेघ धरली. यांत्रिक आरेखन शिकला, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला. मग बेळगावात सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, आणि नंतर तो लोखंडी नांगर, जो सुरुवातीला कुणी विकत घेईना. लोखंडानं जमीन नासते, असं शेतकरी म्हणत. नांगराचा फाळ मी जवळून पाहिलाय. माती कापून उलथी करणारं त्याचं वळण कागदावर काढायला बसा, म्हणजे कळेल. ते पट्टीनं येत नाही. त्याला शरीरचित्रण शिकलेला हात लागतो, खांद्यापासून कोपरापर्यंत वळत जाणाऱ्या स्नायूसारखं ते वळत जातं. जे. जे.तली दोन वर्षं फुकट गेली असं कुणी म्हटलं की मला तो फाळ आठवतो. हे माझं मत. कारखानदारीतले लोक हसतील.

आणि बेळगावातून उठायची वेळ आली तेव्हा त्याला जागा कुणी दिली? एका चित्रकारानं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळचं ३२ एकर माळरान, निवडुंग आणि सापांसकट. रंग न दिसणाऱ्या एका माणसाला रंगांत बुडालेल्या एका राजानं ते द्यावं, हा योग मला फार आवडतो. पुढं त्याच माळावरून १९२०मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं, नंतर 'स्त्री' आणि 'मनोहर'. ते चालवणारे पुतणे शंकरराव तर चित्रकलेचं शिक्षण घेतलेलेच. म्हणजे काकांनी सोडलेली वाट पुतण्यानं फिरून धरली, आणि तीही नांगराच्या कारखान्यात बसून.

औंधला मी पहिल्यांदा गेलो तो लग्नानंतर. तेव्हा मी साताऱ्यात सरकारी कचेरीत अनुरेखक म्हणून लागलो होतो. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ते ठिपक्यांचं पुस्तक माझ्यापुढं आलंच. त्याच्या पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांना दिसतो. तो मी दणक्यात वाचला. पुढच्या पानांवर मी नुसता ठिपक्यांकडे बघत राहिलो आणि डॉक्टर नुसते पानं उलटत राहिले. पण अनुरेखकाला रंग लागतात कुठं? ट्रेसिंग क्लॉथ, काळी शाई, टी-स्क्वेअर, पुढं रॉटरिंगची पेनं. वर फेरो काढायचा तर तोही निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचा, आणि निळा मला लख्ख दिसतो. नंतर अमोनिया प्रिंट आले. त्यांच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं तेव्हा सगळी कचेरी एकसारखीच आंधळी व्हायची. एकदाच फजिती झाली. एका नकाशावरून समतल रेषा उतरवताना मी लाल छापलेला गाडीरस्ताही तपकिरी समजून त्यांच्यातच उतरवला. साहेबांनी कागद उजेडात धरला. "हा नवा डोंगर कुठून आणलात?" पुढं कितीतरी दिवस त्या डोंगराला कचेरीत माझं नाव होतं.

तर औंध. सातारहून एसटी. यमाईचा डोंगर आणि त्याच्या निम्म्या चढावर श्रीभवानी संग्रहालय, १९३८मध्ये उघडलेलं. मी तोवर चित्रं पुस्तकात बघितली होती. भिंतीवरच्या खऱ्या चित्रासमोर उभं राहायची ही पहिलीच वेळ. बायकोला मी सगळं सांगून टाकलेलं होतं, लग्नाआधीच. उगाच पुढं साडी आणताना भांडण नको. ती माझ्या शेजारी उभी राहून हळू आवाजात रंग सांगत होती. "इथं डाळिंबी. इथं मोरपंखी. हे सावलीतलं आहे ना, ते शेवाळी." रविवर्म्याची सैरंध्री, धुरंधरांची चित्रं, किरातार्जुनाची पहाडी चित्रमाला, एकेका चित्रापुढं आम्ही असे कुजबुजत उभे. पहारेकऱ्याला वाटलं नवराबायकोचं काही बिनसलंय. तो लांबून लक्ष ठेवून होता.

बाळासाहेबांची स्वतःची चित्रं मी जरा वेळ घेऊन बघितली. १८६८ ते १९५१ एवढं आयुष्य. त्यात राज्य, कीर्तन, सूर्यनमस्कार, वेरूळ आणि अजिंठ्यावर पुस्तकं, १९१६ सालचं चित्ररामायण. पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली, तिच्यामागंही हेच, आणि तिच्यासाठी चित्रंही यांचीच. चित्रकार म्हणून ते थोर होते असं मला वाटत नाही. त्यांचे ऋषी आणि राजपुत्र सगळे पहाटे उठून नमस्कार घालून आल्यासारखे दिसतात. दंड भरलेले, छाती काढलेली. पण एक गोष्ट त्या चित्रांतून सुटत नाही. हा माणूस रोज काढत होता. गादी १९०९मध्ये मिळाली, १९३९मध्ये कारभार प्रजेच्या हाती दिला, मधल्या काळात दुष्काळ आले, रेसिडेंट आले, पाहुणे आले. आणि हा बसून रामाच्या भात्यातले बाण रंगवत होता. माझ्या आण्णांनी त्यांचं कीर्तन आटपाडीत ऐकलं होतं. आटपाडी तेव्हा औंधातच मोडायची. "राजा नाचायचा गं," असं आण्णा आईला सांगायचे. चित्रं त्यांनी पाहिली नाहीत. पाहिली असती तर त्यांनाही माझ्यासारखीच दिसली असती.

त्या संग्रहालयात हेन्री मूरचं एक दगडी शिल्प आहे, आई आणि मूल. एवढ्या मोठ्या नावाचा दगड खटाव तालुक्यातल्या डोंगरावर बसलाय हे ऐकून लोक चकित होतात. मी चकित झालो तो वेगळ्याच कारणानं. त्या दगडापुढं बायको गप्प झाली. सांगायला रंगच नव्हता. गोल आलेली पाठ, तिच्या कुशीत घुसलेला दुसरा लहान गोल. दहा-पंधरा मिनिटं आम्ही दोघंही एकच वस्तू बघत होतो. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

खाली गावात सातवळेकरांचं स्वाध्याय मंडळ कुठं होतं ते मी विचारत फिरलो. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, सावंतवाडीकडच्या कोलगावचे. हेही जे. जे.तलेच, तिथं नावाजलेले, लाहोरला व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ चालवणारे, ब्रश हातात घेऊन चांगलं पोट भरणारे. १९१८ साली औंधला आले आणि वेदांत शिरले ते शिरलेच. शंभरी ओलांडून गेले, लोकांच्या लक्षात वेदमूर्ती म्हणून राहिले. लक्ष्मणरावांनी चित्र सोडलं कारण डोळे साथ देईनात, हे समजतं. डोळे, हात, गिऱ्हाईक, नाव, सगळं असताना यांनी का सोडलं? त्यांना विचारलं असतं तर धर्मकार्य, देशकार्य असं उत्तर मिळालं असतं आणि ते खरंच असणार. तरी मला वाटत राहतं, वर्षानुवर्षं लोकांचे चेहरे न्याहाळलेला माणूस एखाद्या ऋचेकडेही चेहऱ्यासारखाच बघत असेल. मुलगा माधव औंधात वाढला आणि तो मात्र पुरता चित्रकार झाला, युरोपात शिकून आला, पुढं राज्याचा कलासंचालक झाला. इथंही पुन्हा तेच: एकानं खाली ठेवलेला ब्रश घरातल्याच दुसऱ्यानं उचलला. आमच्या घरात मी अजून कुणी उचलायची वाट बघतोय. मुलगी बँकेत आहे.

माणदेशातून आलेला आणखी एक माणूस. व्यंकटेश माडगूळकर, १९२७चे, आण्णांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर वाढलेले. त्यांची 'माणदेशी माणसं' आणि 'बनगरवाडी' सगळ्यांनी वाचलेली असतात. ते जन्मभर चित्रं काढत होते हे पुष्कळांच्या गावी नसतं. माझी अशी समजूत आहे की ते लिहितानाही काढतच होते. मेंढरं, बाभळ, पागोटं, वाळलेली नदी. शब्द कमी आणि सगळे बाह्यरेषेचे. माणदेश मुळात आहेच रेघांचा मुलूख. पाऊस नाही, हिरवं नाही, नजर आडवायला काही नाही. लांबवर चाललेला एक धनगर आभाळावर शाईनं काढल्यासारखा उभा दिसतो. तिथं मला कधीच काही कमी पडलं नाही. अलीकडं डाळिंबं आली. मामेभावाच्या बागेत तोडणीला गेलो तर मला झाडावर फळच दिसेना. "आरं तुझ्या नाकाम्होरं हाय की," म्हणत तो हसून हसून खाली बसला. मी आण्णांसारखं चाचपून तोडायला लागलो. संध्याकाळपर्यंत माझी टोपली त्याच्या निम्म्यानं भरली होती, पण एकही फळ कच्चं नव्हतं.

फ्रान्समध्ये शार्ल मेरियाँ नावाचा चित्रकार होऊन गेला. त्यालाही रंग दगा देत होते, म्हणून तो तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायला लागला आणि जुन्या पॅरिसच्या त्याच्या काळ्यापांढऱ्या छापांवर लोक अजून जीव टाकतात. हे कळलं तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि मला सरळ राग आला. माझ्या सरांनी मला 'रेघ चांगली आहे' म्हटलं, पण मग रेघेचं काय करायचं ते का नाही सांगितलं? मग वाटलं, सांगितलं असतं तरी हळदीच्या दिवाणजीच्या मुलाला तांब्याचा पत्रा कुठून मिळणार होता? आणि इतकी वर्षं मी रेघाच तर काढत होतो. माझ्या रेघांवरून कालव्यांना पाणी सुटलं. फक्त त्यांच्याखाली सही नव्हती.

२०२० साली निवृत्त झालो. त्या वर्षी घराबाहेर पडायची सोय नव्हती. बायकोनं एका सकाळी जलरंगाच्या ट्यूबांचा डबा पुढं ठेवला. प्रत्येक ट्यूबवर तिनं पांढरी पट्टी चिकटवून ठळक अक्षरांत लिहिलं होतं: गेरू, पोपटी, शेंदरी, शेवाळी, जांभळा. कंपनीची नावं तिला पसंत नव्हती. 'सॅप ग्रीन म्हणजे काय डोंबल' असं तिचं म्हणणं. पट्ट्यांवरून चिकटपट्टी मारलेली, पाण्यानं सुटू नये म्हणून. मी थोडा वेळ त्या डब्याकडे बघत बसलो. मग बहिणीला फोन केला. त्या रात्रीच्या बाटल्या तिला आठवतही नव्हत्या.

सुरुवातीला मी नावं वाचून रंगवलं. तसं रंगवणं म्हणजे दुसऱ्याच्या हातानं जेवणं. कासच्या पठारावर जाऊन आलो. २०१२मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेव्हापासून तिथं ही गर्दी. सगळे तेरड्याच्या गुलाबी गालिच्यापुढं फोटो काढत होते. मला तिथं राखाडी, किंचित निळसर धुकं अंथरल्यासारखं दिसत होतं आणि खरं सांगू, ते सुरेख होतं. मधूनच सोनकीचे पिवळे ठिपके, कंदील पेटवल्यासारखे. घरी येऊन आठवणीनं गुलाबी ट्यूब उघडली आणि चित्र नासलं. मग मेणवलीला गेलो, नाना फडणवीसांच्या वाड्यात. वरच्या मजल्यावर भिंतींवर चित्रं आहेत, अडीचशे वर्षांकडे झुकलेली, विटलेली, ओलीनं खाल्लेली. एक तरुण जोडपं मोबाइलचा उजेड पाडून वाद घालत होतं, हा शेला लाल असावा की हिरवा. दोघांनाही सांगता येईना. मी मागं उभा होतो. फार बरं वाटलं मला, उगाच का नाकारू?

त्यानंतर मी पट्ट्या वाचणं सोडलं. जे दिसेल त्याला जुळेल तो रंग, नाव काही का असेना. पिवळा भरवशाचा, निळा भरवशाचा, बाकी नशीब. मी राहतो साताऱ्यात, माहुलीपासून फार लांब नाही. माहुलीलाही संगमच, कृष्णा आणि वेण्णेचा. हेच पाणी पुढं कऱ्हाडवरून, भिलवडीवरून माझ्या हरिपूरला जातं. थंडीत पहाटे मी वही घेऊन घाटावर जाऊन बसतो. देवळांच्या कडा आधी उमटतात, मग पायऱ्या, मग पाणी. रेघ आधी, हे मला पाठ आहे. रंग घरी येऊन.

गेल्या पौषात असंच एक चित्र केलं. काळपट देऊळ, आणि पाण्याला मला दिसला तसा राखाडी. दोन ट्यूबा मिसळून, भरपूर पाणी घालून केलेला. वाळत ठेवलं होतं. बायको चहा घेऊन आली आणि थांबली.

"नदी गुलाबी केलीत?"

"राखाडी आहे ती."

"गुलाबी आहे हो. अगदी गुलाबी."

मी ट्यूबा बघितल्या. बरोबर होतं तिचं. चित्र फाडावं असं मनात आलं. तिनं ते उचलून खिडकीपाशी नेलं आणि काही न बोलता चहा पिऊन टाकला, माझाही.

दुसऱ्या दिवशी अंधारातच घाटावर गेलो. तीच पायरी. कुडकुडत बसलो. देवळाच्या कडा आल्या, पायऱ्या आल्या. पाणी मला कालच्यासारखंच दिसत होतं, तसंच राखाडी. थोड्या अंतरावर एक म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून डोक्यावरून तांब्या ओतत होता. त्याचं होऊ दिलं. तो पंचा पिळत वर आला तेव्हा विचारलं, "बाबा, पाणी कोणत्या रंगाचं दिसतंय आत्ता?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग नदीकडं. येडं आहे की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटून गेलं.

"गुलाबी हाय की. ह्या दिसांत असतीच सकाळची."

"किती वेळ असते?"

"दिस वर आला की जाती."

मी वहीत पानाच्या कोपऱ्यात वेळ टिपून ठेवली. सहा वाजून बावन्न मिनिटं.